सुईचे वळण

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद ज्या चौकोनी कापडांत बांधून ठेवण्याची वहिवाट आहे त्यांना रुमाल म्हणतात, आणि त्या दफ्तराचा विस्तार सांगावयाचा झाला म्हणजे जाणकार मनुष्य कागदांची नव्हे तर रुमालांची संख्या सांगतो. असे हजारो रुमाल तेथे आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवधीत त्यांतील निवडक कागद ४५ भागांत प्रसिद्ध केले, आणि अठराव्या शतकातील मराठी राज्याचा जमाखर्च, तहनामे, फौजांच्या हालचाली, घरगुती तंटे, यांवर एवढा प्रकाश पडला की पुढच्या इतिहासलेखनाचा रोखच बदलला. वस्त्रांची हकीकत त्या काळच्या कागदांत मुबलक आहे. शेला कोणास दिला, पागोट्यास काय पडले, जामदारखान्यात काय जमा झाले, हे सारे कारकुनाने इमानाने लिहून ठेवलेले असते. परंतु हे लिहिणारा कारकून रात्री जी गोधडी पांघरून निजत असेल, तिची नोंद कोठल्याही रुमालात होण्याचे कारण नव्हते. ती विकत आणलेली नव्हती, इनाम म्हणून कोणास दिलेली नव्हती, तिच्यावर जकात बसलेली नव्हती. घरातील बाईने घरातल्याच जुनेरांतून ती शिवली, घरच्या माणसांनी ती पांघरली, आणि ती विरली तेव्हा दुसऱ्या गोधडीच्या पोटात घातली गेली. या सगळ्या व्यवहारात सरकारदरबाराचा संबंध कोठेच आला नाही.

दरबारचे सोडून द्यावे. ज्यांनी सौंदर्याची दखल घ्यावयाची त्या कलेतिहासकारांनी तरी वेगळे काय केले? महाराष्ट्राच्या कलेचा इतिहास म्हणजे अजिंठा, वेरूळ, वाड्यांतील भित्तिचित्रे, आणि वस्त्रांचे नाव निघालेच तर पैठणी, असा त्यांचा क्रम ठरलेला आहे. पैठणी विणकराची, म्हणजे पेठेत किंमत ठरलेली. बाईच्या हातची शिवण मात्र गृहशास्त्राच्या पुस्तकात, स्वयंपाक आणि बालसंगोपन यांच्या मधल्या प्रकरणात. तिला कलेच्या प्रांतात प्रवेश नाकारताना एक कारण नेहमी दिले जाते, ते असे की ही निर्मिती निनावी आहे. जिचा कर्ता ठाऊक नाही अशा वस्तूचा इतिहास कसा लिहावयाचा? हे कारण मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगण्यासाठी सातारा जिल्ह्यातील एका घरी पाहिलेल्या वाकळेची, म्हणजे गोधडीची, हकीकत तपशिलाने द्यावी लागेल.

वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे पाहावयास दूरदूरचे लोक येतात, आणि ती तशी पाहण्याजोगी आहेतही. त्याच परिसरातील एका शेतकरी कुटुंबाच्या ओसरीवर ही वाकळ माझ्यासमोर उलगडली गेली. पाच हात लांब, साडेतीन हात रुंद, आणि एका हाताने सहज उचलता येणार नाही इतकी जड. जिने ती दाखवली ती घरातील सर्वांत वडील बाई, नजर आता अधू झालेली, पण बोटांना अजून काही विसरलेले नाही. वाकळेला बसायचे ते उन्हाळ्यात, सुगी उरकल्यावर आणि पावसाच्या आत, असे तिने सांगितले. प्रथम अस्तराचे लुगडे ओसरीवर ताणून पसरावयाचे व त्याच्या चार कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवावयाचा. त्यावर जुनेरांचे थर घालावयाचे, कोठे खळगा राहील तेथे लहान तुकडे सरकवून तो भरून काढावयाचा, मग वरचे चांगले लुगडे घालून कडा आत दुमडून कच्चे टाके मारावयाचे. हे झाल्यावर खरे काम सुरू होते. चार बाया चार बाजूंना बसतात आणि काठापासून आत धावदोरा घालीत निघतात; एक ओळ पुरी झाली की बोटभर आत सरून दुसरी, अशी एकात एक चौकटींची रांग लहान लहान होत मध्यापर्यंत पोचते आणि तेथे शेवटी तळहाताएवढा चौकोन उरतो. या वाकळेच्या त्या चौकोनावर हिरव्या खणाचे एक ठिगळ लावले होते. त्या ठिकाणी कापड फाटलेले नव्हते. ते ठिगळ केवळ तेथे हिरवा रंग हवा म्हणून लावलेले होते.

सबंध पृष्ठभागावर टाक्यांमुळे कापड बारीक सुरकुतलेले, आणि दाराकडून येणारा तिरपा उजेड त्या सुरकुत्यांवर पडला की चौकटी उठून दिसत, सरळ पडला की मावळत. हा परिणाम घडवून आणणाऱ्या स्त्रियांना तो ठाऊक नव्हता असे म्हणण्यास मी तयार नाही, कारण ओळींमधले अंतर बेताबेताने मध्याकडे कमी होत गेले होते, आणि उबेसाठी त्याची काहीच गरज नसते.

एका काठाला ती उसवली होती, आणि तेथून आतले थर दिसत होते. सर्वांत वर गुलाबी फुलांचे पातळ, त्याखाली इरकली लुगड्याचा तांबडा-पांढरा पदर, त्याखाली धोतराचा विरलेला तुकडा, आणि अगदी आत, जाळीसारखी झालेली, एक सबंध जुनी वाकळ. बाईंनी प्रत्येक थराला बोट लावून सांगितले. "ह्ये धोतार मामंजींचं. ते गेलं त्या सालचं. आन् ही आतली वाकळ माज्या सासूबाईंनी घातल्याली. तिच्या पोटात आनि काय हाय ते आता कोन सांगनार?" कोणत्या थराने कोणते वर्ष सांगितले आणि कोणत्या थराखाली स्मृतीची हद्द संपली, हे एवढ्यात कळून चुकले. परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते तिचे पुढचे बोलणे. वरच्या पातळाच्या टाक्यांवरून बोटे फिरवीत ती म्हणाली, "ताई, ह्यो बारीक टाका हाय न्हवं, त्यो आमच्या थोरल्या जाऊबाईंचा. त्यांचा हात लई बारीक. ह्या अंगाला बसल्याल्या त्या. आन् ह्यो लांबडा दिसतोय त्यो माजा, तवा मी नवी नवरी, मला घाई लई." कोपऱ्यावर आल्यावर जाऊबाई सुई काढून काटकोनात वळत, आणि ती स्वतः वळण गोल घेई, म्हणून एका बाजूचे कोपरे धारदार आणि दुसऱ्या बाजूचे किंचित वाटोळे. हे मला दाखवून दिल्यावर स्पष्ट दिसू लागले, आणि ते आधी का दिसले नाही याचे नवल वाटले.

मोडी वाचणारे संशोधक अक्षराच्या धाटणीवरून चिटणिशी वळण कोणते, बिवलकरी वळण कोणते हे ओळखतात, आणि कागदावर तारीख नसली तरी तो कोणत्या काळचा व कोणत्या हातचा असावा याची रुजवात त्यावरून घालतात. टाक्यालाही असेच वळण असते. त्याची लांबी, दोऱ्याचा ताण, दोन ओळींतील अंतर, कोपरा वळण्याची तऱ्हा, दोरा संपला म्हणजे गाठ वर ठेवली की पोटात दडवली, या सर्वांत करणारीचा हात उमटलेला असतो. आणि त्या घरातील दुसऱ्या बाईला तो इतका परिचित असतो की अंधूक डोळ्यांनी, नुसत्या बोटांच्या टोकांनी, तिने चाळीस-पन्नास वर्षांनंतर तो ओळखावा. असे असता ही वस्तू निनावी कशी? जिच्यावर करणारीची सही काठापासून मध्यापर्यंत शेकडो वेळा केलेली आहे तिला निनावी म्हणणे म्हणजे मोडी न येणाऱ्याने पेशव्यांचे दफ्तर कोरे आहे असा निर्वाळा देण्यासारखे आहे. लिपी होती, वाचणारे नव्हते.

वाचणारे मिळाले तर काय घडते, याचा दाखला बंगालमध्ये आहे. तेथे हीच वस्तू कांथा या नावाने ओळखली जाते. जुन्या पांढऱ्या साड्या व धोतरे यांचे थर एकावर एक घालून ती धावदोऱ्याने शिवतात, आणि जुन्या पद्धतीत रंगीत दोरा विकत न आणता साडीच्या काठातून तांबडे, निळे, काळे धागे ओढून काढून तेच सुईत ओवीत. मध्यभागी शतदल कमळ, चार कोपऱ्यांतून मध्याकडे झुकलेली झाडे किंवा कोयऱ्या, आणि उरलेल्या जागेत घोडे, पालख्या, रथ, मासे, आरसा-फणी, अडकित्ते. पांघरण्याची ती लेप, पाहुण्याच्या बैठकीवर अंथरण्याची सुजनी, आरसा-फणी गुंडाळण्याची आरशीलता, आणि ग्रंथ व मौल्यवान वस्तू बांधून ठेवण्याचे बायतन, अशा तिच्या जाती आहेत.

गुरुसदय दत्त हे १८८२ साली सिल्हेट जिल्ह्यात जन्मलेले गृहस्थ १९०५ साली सनदी नोकरीत शिरले आणि कलेक्टरच्या हुद्द्यावर बंगालमधील जिल्हे फिरले. त्यांच्या पत्नी सरोजनलिनी यांनी खेड्यापाड्यांतून महिला समित्या स्थापन करण्याचे कार्य आरंभिले होते. १९२५ साली त्यांचे अकाली निधन झाले. जो अंमलदार दौऱ्यावर असताना सारावसुलीचे कागद तपासावयाचा, तोच घराघरांतून पटचित्रे, मातीच्या बाहुल्या आणि स्त्रियांच्या हातच्या कांथा गोळा करू लागला, आणि हे हौसेचे काम नसून बंगालच्या कलेचा हाच मुख्य प्रवाह आहे असे बोलून व लिहून दाखवू लागला. १९४१ साली ते वारले. त्यांचा संग्रह कोलकात्याजवळ जोका येथील त्यांच्या नावाच्या संग्रहालयात आहे. त्यात मानदासुंदरी दासी नावाच्या एका स्त्रीची कांथा आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. ही कांथा तिने आपल्या वडिलांसाठी शिवली आणि तसे टाक्यांनीच तिच्यावर लिहून ठेवले. बंदुका घेतलेले इंग्रज शिपाई तिच्यावर आहेत. ज्या शतकात बंगालमधील बहुसंख्य स्त्रियांच्या हाती लेखणी आलेली नव्हती, त्या शतकात या बाईने सुईने आपले नाव लिहिले, बापाशी असलेले नाते लिहिले आणि आपल्या काळच्या राज्यकर्त्यांची चित्रे काढली. इतिहासाचे अस्सल साधन म्हणावयाचे ते आणखी कोणते?

दुसरी व्यक्ती स्टेला क्रामरिश. ऑस्ट्रियात शिकलेली ही विदुषी रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनात आली व पुढे कलकत्ता विद्यापीठात अध्यापन करू लागली. हिंदू मंदिरांवरील तिचा दोन खंडांचा ग्रंथ १९४६ साली निघाला आणि त्या विषयावर अजूनही तोच प्रमाण मानतात. पण त्याआधी सात वर्षे, १९३९ साली, इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या नियतकालिकात तिने कांथेवर निबंध लिहिला होता. फाटक्या वस्त्राला पुन्हा अखंड करण्याच्या क्रियेत तिला धर्मविधीचा आशय दिसला. देवळाच्या शिखराकडे ज्या गांभीर्याने पाहावयाचे त्याच गांभीर्याने जीर्ण साडीच्या टाक्यांकडे पाहण्याची ही दृष्टी तिच्यापूर्वी किती पंडितांजवळ होती? तिने जमवलेल्या कांथा आज फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहेत. आणि या दोघांच्याही आधी, १९२९ साली, जसीमउद्दीन या तरुण कवीने 'नक्षी कांथार माठ' हे काव्य प्रसिद्ध केले. त्यातील नायिका पतीच्या विरहात आपल्या संसाराची सगळी कथा कांथेवर भरते व ती आपल्या कबरीवर पसरावी अशी इच्छा मागे ठेवते. कवी, अंमलदार आणि पंडिता यांचे लक्ष दहा वर्षांच्या अवधीत एकाच वस्तूकडे वेधले गेले, हा बंगालचा भाग्ययोग. त्यानंतर फाळणी झाली, आणि जेसोर, फरीदपूर हे कांथेचे नामांकित मुलूख पूर्व पाकिस्तानात गेले. पण तोपर्यंत निदान नोंद झालेली होती.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कांथेवर चित्रे असतात. गोधडीवर नुसत्या ओळी आणि ठिगळे. चित्र पाहावयास शिकलेल्या डोळ्याला कांथा दिसली आणि गोधडी दिसली नाही, यात दोष कोणाचा? माझे उत्तर असे की डोळ्याचे शिक्षण अपुरे होते. अमेरिकेत अलाबामा संस्थानातील जीज बेंड नावाच्या वस्तीत गुलामांच्या वंशातील कृष्णवर्णीय स्त्रिया पिढ्यानपिढ्या जुन्या कपड्यांच्या पट्ट्या जोडून पांघरुणे शिवीत आल्या. त्यांवरही मनुष्याकृती नाहीत, आहेत त्या पट्ट्या, चौकोन आणि रंग. २००२ साली ती ह्यूस्टनच्या व त्यानंतर न्यू यॉर्कच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लावली गेली, आणि आधुनिक चित्रकलेच्या मर्मज्ञांनी त्यांचे मनापासून कौतुक केले. पट्टी व चौकोन यांनीच जेथे काम भागले तेथे आमच्या वाकळेतील एकात एक चौकटी कमी पडतील असे मानण्यास आधार नाही.

महाराष्ट्रात घरगुती वस्तूची कदर करणारा पुरुष झालाच नाही असे मात्र कोणी समजू नये. दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, पेट्या, खेळणी अशा वस्तू गावोगाव हिंडून उभ्या आयुष्यात जमविल्या आणि पुण्यास आपल्या दिवंगत पुत्राच्या नावाने संग्रहालय उभे केले. महाराष्ट्राने त्यांचे ऋण विसरू नये. परंतु पितळेचा दिवा माळ्यावर शंभर वर्षे पडून राहतो आणि हुडकणाऱ्याच्या हाती लागतो. गोधडी अशी वाट पाहत नाही. ती वापरूनच संपते, आणि तिचे संपणे हाच तिचा धर्म आहे.

शिवणकामाला शिक्षणात स्थान मिळाले ते निराळ्याच मार्गाने. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन काढले, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यास सेवासदन सुरू झाले, आणि या व अशा संस्थांतून विधवा व निराधार स्त्रियांच्या हाती सुई आली ती उपजीविकेचे साधन म्हणून. त्या कार्याचे मोल मोठे. किती घरे त्या सुईवर उभी राहिली हे महाराष्ट्र जाणतो. मात्र तेथे पाहावयाचे ते काम टापटिपीचे झाले की नाही, विकले जाईल की नाही. दुसरीकडे सुखवस्तू घरांतील मुलींच्या हाती भरतकामाची रिंग आली, आणि अँकरच्या लड्या, साखळीटाका, काश्मिरी टाका, ताटावरचे रुमाल, उशांचे अभ्रे, दारावरची तोरणे यांनी रुखवत भरू लागले. रुखवताविषयी मला विशेष ममत्व आहे. मांडवाच्या एका बाजूस टेबले मांडून वधूने व तिच्या मावश्या-आत्यांनी केलेले सारे काम एका दिवसापुरते मांडावयाचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते पाहावयाचे, बायांनी टाका उलटून मागची बाजू स्वच्छ आहे का याची परीक्षा करावयाची. हे प्रदर्शन नव्हे तर काय? त्याची परीक्षक मंडळी विलक्षण कडक असत, आणि त्यांच्या अभिप्रायाचा एक शब्दही कोठे लिहिला गेला नाही.

आणि बाळंतविडा! आजोळाहून येणारी दुपटी, झबली, टोपरी आणि खणाची कुंची. नवजात मुलाच्या अंगाला नवे कापड खरखरते, म्हणून आजीच्या शेकडो धुण्यांनी मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे करावयाचे, आणि त्या दुपट्याच्या चार कोपऱ्यांत चार फुले भरावयाची. ते दुपटे मळणार, पिळले जाणार, वर्षभरात फाटणार, हे भरणारीला ठाऊक असते. जी वस्तू टिकणार नाही हे निश्चित आहे तिच्यावर इतके सूक्ष्म काम करणारा कलावंत आमच्या कलाविचारात अद्याप कोठे बसविलेला नाही.

गोव्याच्या सीमेपलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या जंगलपट्ट्यात सिद्दी लोकांची वस्ती आहे. पोर्तुगीज अमदानीत गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्यातील बरेच जण गोव्यातून पळून या रानात स्थायिक झाले. ते घरी कोंकणी बोलतात. त्यांच्या स्त्रियाही जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात, काठापासून आत, आमच्याच पद्धतीने. पण शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची त्रिकोणी फुले बसवतात, आणि ती नसली तर गोधडी उघडी-नागडी दिसते असे त्या म्हणतात. ऊब तर फुलांवाचूनही मिळते. तेव्हा उपयोग कोठे संपला आणि कला कोठे सुरू झाली याची हद्द या निरक्षर स्त्रियांनी कोपऱ्यावर आखून दिलेली आहे. ज्यांना सरहद्द पाहिजे त्यांनी ती तेथे जाऊन पाहावी.

अलीकडे गोधडीचा बाजार वधारला आहे. बचतगटांतून ती शिवली जाते, शहरांतल्या दुकानांतून विकली जाते, आणि जिला कधी किंमत नव्हती तिला किंमत आली याचा मला आनंदच आहे, कारण ते पैसे शिवणारीच्या हाती थोडे तरी पडतात. परंतु काठावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर नाव असते ते बहुधा दुकानाचे. शिवाय विक्रीची गोधडी नव्या कापडाची असते. तिच्या पोटात कोणाचे धोतर नसते. घरातील जुनेरे तर आता बोहारणीच्या गाठोड्यात जातात आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचे भांडे येते, आणि जी जात नाहीत ती इतक्या चिवट धाग्यांची असतात की घाम शोषत नाहीत व सुईखाली सुरकुतत नाहीत. सुती लुगडे अंगावरून गेले तेव्हाच गोधडीचा कच्चा माल आटला.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयाने एक नोंदवही घालावी. गोधडीची लांबी-रुंदी, थर किती, कोणता थर कोणाच्या वस्त्राचा, दोरा कसला, ओळी काठापासून मध्याकडे की आडव्या, कोपरे कसे वळवलेले, कोणत्या बाजूस कोण बसली होती आणि तिचा टाका कोणता, एवढे रकाने पुरेत. शेजारी उजेडात व तिरप्या प्रकाशात घेतलेली दोन छायाचित्रे लावावीत. उत्तरे देणारीला गोधडी हाताळू द्यावी, कारण पुष्कळ उत्तरे डोळ्यांआधी बोटांना आठवतात. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची बोचकी खाली निघतातच. त्यांतले काय बोहारणीला द्यावयाचे हे ठरण्याच्या आत हे प्रश्न विचारून घ्यावेत, आणि ज्यांना ते विचारावयाचे त्या बायांचे वय पाहता हे काम पुढच्या सालावर ढकलू नये.